माप
साठ किलो वजन उतरवलेल्या टेलरबाई दंडांची लोंबती कातडी कापून घ्यायला ऑपरेशनच्या टेबलावर आडव्या झाल्या. दंडांवरच्या निळ्या रेघा बघून त्यांना सकाळ आठवली. सकाळी रेघा आखताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हात पूर्ण वर करा.” लाजेपोटी टेलरबाईंनी थाप मारली, “खांदा धरलाय, एवढाच जातो.” हात खाली ठेवून माप दिलं की बाही काखेत उसवते, हे तीस वर्षं त्यांनीच गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं. लाजणारीला दटावायच्या, “लाजायचं ते घरी!” भूलतज्ज्ञ सुई घेऊन वाकले. “थांबा! माप चुकलंय. मी खोटं बोलले.” डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. “कापडाला जोड देता येतो, बाई. कातडीला कुठून देणार?” टेलरबाई उठून बसल्या. सगळ्यांदेखत दोन्ही हात पूर्ण वर नेले. कातडी लोंबली. “लाजायचं ते घरी,” त्या स्वतःशीच पुटपुटल्या. “घ्या माप.”