चालकाचा फोटो

"हात हलला," श्रीपाद सर म्हणाले. "परत घे."

ऋषिराजने परत घेतला. भवानीनगरच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्या ओळीने उभ्या होत्या. एकीच्या मागे तो उकिडवा बसला होता. ट्रॉलीच्या फळीला ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. सरांना नेमके तेच हवे होते.

"वर जागा सोड. मथळा कुठे बसवू मी, तुझ्या डोक्यावर?"

उसावर बसलेला एक ड्रायव्हर ओरडला, "ओ फोटोवाले, म्होरनं काढा की! आमचं थोबाड काय वाईट हाय व्हय?"

"तुजं थोबाड छापलं तर पेपर कोण घील रं?" खालून दुसरा म्हणाला. सगळे हसले. सरही हसले आणि त्यांनी ऋषिराजला दोघांची नावे विचारायला लावली.

"नाव, गाव, तारीख. एवढं मिळालं नाही तर तो फोटो घरी अल्बममध्ये लाव."

सरांनी तीस वर्षे वर्तमानपत्रांसाठी फोटो काढले होते. आता ते बारामतीतून स्वतःचे मासिक काढत. गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्यांची बायको मंदाकिनी स्कूटीवरून इंदापूरहून परत येत होती. दिवस मावळला होता. रस्त्यात उभी असलेली ट्रॉली तिला दिसली नाही. ती जागीच गेली. ट्रॉली निघून गेली. पोलिसांना नंबर मिळाला नाही.

नंबर ऋषिराजला माहीत होता. ट्रॉली त्याची होती.

उसावरचा दोर सैल झाला म्हणून तो थांबला होता. मागून धडक बसली. तो मागे गेला, त्याने पाहिले, हॉटेलातून माणसे पळत येताना दिसली आणि त्याने ट्रॅक्टर चालू केला. थोड्या वेळाने तो साखर कारखान्याच्या रांगेत उभा होता. तिथे तशाच दीड-दोनशे ट्रॉल्या होत्या.

पुढे काटेवाडीच्या दूध डेअरीवर त्याने एक कागद चिकटवलेला पाहिला. फोटो काढायला शिकवू, फी नाही. खाली सरांचे नाव. ते नाव त्याने अपघाताच्या बातमीत वाचले होते. सगळे सांगून टाकायचे म्हणून तो सरांच्या ऑफिसचा जिना चढला. सरांनी दार उघडले आणि त्याच्या हातात कॅमेरा दिला. "आधी हा धरायला शीक."

सांगायचे राहिले. उद्या सांगू म्हणता म्हणता दहा महिने गेले. शिकणारा तो एकटाच होता.

दिवे नसलेल्या ट्रॉल्यांवर सर अंक काढत होते. सातवे पान तेवढे उरले होते.

"सातव्यावर काय, सर?"

"चालक. मंदाच्या वेळचा."

ऋषिराजने कॅमेऱ्याचा पट्टा हाताला गुंडाळला. मग सोडला. "सापडला का?"

"तू शोध. त्या लोकांत तुझी ऊठबस आहे. आठवडा आहे अजून."

त्या आठवड्यात त्याचा पाय एका जागी ठरला नाही. सकाळी सांगवी, दुपारी इंदापूर, तिथून उगाच परत. फोटो खूप निघाले. पाहिले की पुसून टाकायचा. भाकरीसुद्धा उभ्यानेच खायचा. खरे काय ते फक्त त्याच्या आईला, कौसल्याला, माहीत होते.

"बस की जरा. कुणी मागं लागलंय का तुज्या?"

"आये, सरांस्नी सांगून टाकतो."

"सांग! आन तू आत गेल्यावर मी काय करू? तुजा बाप न्हाय. मे महिन्यात वृषालीचं लगीन हाय. तिच्या सासरच्यांस्नी काय सांगू, भाऊ कुठं हाय म्हणून?"

त्याने हातातली भाकरी खाली ठेवली.

"दुसरा कुणीतर दाव की. ड्रायवरांचा काय तोटा हाय? त्यो राम नव्हता का, बीडकडचा? गेला की गाव सोडून. त्याला कोण इचारतंय?"

रामचा फोटो ऋषिराजकडे होता, डिसेंबरात काढलेला. उजेड चांगला, चेहरा स्वच्छ. नाव होते, गाव होते. राहिली होती ती फक्त एक खोटी ओळ.

तो फोटो घेऊन तो सरांच्या जिन्यापर्यंत गेला. अर्ध्या जिन्यातून परत फिरला. पुन्हा गेला. पुन्हा फिरला. शेवटी गाडी काढून घरी आला. अपघातानंतर त्याने ट्रॉली बाहेर काढली नव्हती. गोठ्यामागे ती तशीच उभी होती. त्याने पेंडीच्या पोत्यांवर कॅमेरा ठेवला, टायमर लावला आणि ट्रॉलीच्या मागे जाऊन उभा राहिला. आई दारातून बघत होती.

सर ऑफिसात एकटेच होते. ऋषिराजने कॅमेरा टेबलावर ठेवला.

"चालकाचा फोटो आणलाय, सर."

सरांनी छोट्या पडद्यावर फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला.

"मीच त्यो," ऋषिराज म्हणाला. "पहिल्या दिवशीच सांगाया आलो हुतो. तोंडातनं निघालं न्हाय. पोलिसात तुमी न्या, न्हायतर मी जातो."

"बस," सर म्हणाले.

त्यांनी कॅमेऱ्यातले कार्ड काढून कॉम्प्युटरला लावले आणि सातवे पान उघडले. फोटोची चौकट रिकामी होती. तिच्याखाली ओळ आधीच बसवलेली होती: ऋषिराज भीमा खैरे, काटेवाडी. मंदाकिनी यांच्या अपघातातील ट्रॉलीचा चालक.

सरांनी चौकटीत फोटो ठेवला. पान बंद केले.

पडद्यावर अंकाच्या पानांची यादी उरली. प्रत्येक पानापुढे ते कधी तयार केले त्याची तारीख होती. बाकीची सगळी पाने याच महिन्यातली. सातवे गेल्या एप्रिलमधले, ऋषिराज पहिल्यांदा जिना चढला त्याच्या चार दिवस आधीचे.