ब्रेकवरचा पाय

समोरची एसटी वळणावर अडली, म्हणून वृषालीने चढावरच ब्रेक दाबला. नर्सरीची रोपं रोज बाजारात न्यायला तिने आज सकाळीच ही जुनी पिकअप विकत घेतली होती. काजूच्या कारखान्यामागे गवतात ती बरेच महिने उभी होती. इंजिन चांगलं होतं. गंजलेला पत्रा आणि निकामी हँडब्रेक ती हळूहळू दुरुस्त करून घेणार होती.

तिच्या उजव्या पावलावरून काहीतरी गार सरकलं.

"खाली बघू नकोस," शेजारी बसलेल्या सासूबाई अगदी हळू म्हणाल्या. "साप आहे. पाय हलवू नकोस."

पाय उचलला तर साप चावेल, आणि गाडी मागे थेट दरीकडे जाईल. साप तिच्या घोट्यापाशी थांबला. किंचाळावंसं वाटत होतं, पण श्वाससुद्धा घेववत नव्हता.

"आई, तुम्ही तरी उतरा," ती पुटपुटली.

"तुला टाकून? गप्प बस."

किती वेळ गेला कोण जाणे. अखेर साप सुस्तपणे पुढे सरकला आणि पत्र्याच्या भोकातून खाली रस्त्यावर उतरला.

"गेला," सासूबाई म्हणाल्या. पण वृषालीचा पाय काही केल्या ब्रेकवरून उचलेना. सासूबाईंनी उतरून मागच्या चाकांना मोठे दगड लावले. मग वृषालीच्या बाजूचं दार उघडून, वाकून, तिचं पाऊल दोन्ही हातांत धरलं.

"सोड आता. दगड लावलेत."

तेव्हा कुठे वृषालीला रडू फुटलं.