तळातली फाइल

ती फाइल पुन्हा गठ्ठ्याच्या तळाशी गेली होती.

मुख्यालयातून आलेल्या कारकुनानं ते पाहिलं आणि वरची फाइल उघडली. तीन आठवडे तो या मनोरुग्णालयाच्या नोंदखोलीत, नोंदी लिहिणाऱ्या ताईंसमोर बसून एकच काम करत होता. प्रत्येक पेशंटच्या फाइलवरचा, जुन्या पुस्तकातला आजाराचा क्रमांक वाचायचा, नव्या पुस्तकातला शोधून लिहायचा. उद्यापासून देशभर नवं पुस्तक लागू. त्याचे डोळे चुरचुरत होते, मान आखडली होती.

ताईही दमल्या होत्या, पण त्यांचं अक्षर दमलं नव्हतं. बत्तीस वर्षं त्या इथं होत्या. कुठल्या कपाटाचं दार कुरकुरतं, कुठल्या खिडकीत ऊन किती वाजता येतं, सगळं पाठ. रजा म्हणून कधी नाही. सकाळी तो येण्याआधी त्या खुर्चीत, संध्याकाळी तो निघाला तरी खुर्चीत. तुमच्यासारखी चार माणसं मिळाली तर आमचं खातं तरून जाईल, असं तो एकदा म्हणाला, तेव्हा त्या नुसत्या हसल्या.

चारला नर्स आली. रोजच्यासारखी गोळी दिली आणि ताईंनी ती गिळेपर्यंत समोर उभी राहिली. बीपीची असणार, असं त्याला वाटलं. केवढी काळजी घेतात तुमची, आमच्याकडे कुणी पाणीसुद्धा विचारत नाही, असं म्हणत त्यानं तळातली फाइल ओढून घेतली.

कडेनं पिवळ्या पडलेल्या फोटोत दोन वेण्यांची एक मुलगी होती. खाली नोंद होती: लग्न करणार नाही म्हणाली, राहीन तर मैत्रिणीसोबत म्हणाली. भावानं आणून सोडलं. जुन्या पुस्तकात अशा वागण्याला क्रमांक होता. नवं पुस्तक त्यानं दोनदा चाळलं.

"हा आता आजारच नाही," तो म्हणाला. "क्रमांक नाही, म्हणजे खाट नाही. घरी सोडायचं."

"तिला घर नाही." ताई टेबलाकडे बघत होत्या. "भावानं पत्ता बदलला. मैत्रीण वारली. बेघर असण्याला नव्या पुस्तकात क्रमांक आहे. मी पाहिलाय."

"आहे. पण त्यावर खाट मिळत नाही, ताई." त्यानं फोटोवरची धूळ अंगठ्यानं पुसली. "एवढी वर्षं कशी काढली असतील हो बिचारीनं?"

"मोजली नाहीत, म्हणून निघाली."

त्यानं सुटकेचा कागद भरला, शिक्का मारला आणि ताईंकडे सरकवला. पेशंटची सही लागेल, कुणाला तरी पाठवून तिला बोलावून घ्या, असं म्हणून तो डोळे चोळत बसला.

ताईंनी चष्मा सारखा केला, तीन आठवडे नवे क्रमांक लिहिलेलं तेच पेन उघडलं आणि पेशंटच्या रकान्यात सही केली.