भरल्या पोटाची मोजणी

एकोणिसावा सापळा वर आला, तोही रिकामा. आत बांधलेले माशाचे डोके जसेच्या तसे होते. त्याला कुणी तोंडही लावले नव्हते.

मत्स्यखात्याच्या बाईंनी वहीत शून्य लिहिले. वीस सापळ्यांत निदान तीस शेवंडे सापडली, तरच खाडी मासेमारीला खुली व्हायची. पाटीत चारच होती, काटेरी कवचाची, लांब मिशा हलवत.

"खाडीत उरलेलीच नाहीत, असा याचा अर्थ," बाई म्हणाल्या. "म्हणजे बंदी आणखी वर्षभर."

"नाहीत कशी? जेवून आडवी झाली असतील," इंजिनाशी बसलेला तांडेलाचा मेहुणा सहज म्हणाला. "काय दाजी?"

होडीचा तांडेल दोराशी चाळा करत राहिला. सकाळपासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. दोर गुंडाळायचा, सोडायचा, पुन्हा गुंडाळायचा. बंदीच्या दोन महिन्यांत रोज पहाटे तो माशांच्या खारवलेल्या डोक्यांच्या दोन टोपल्या इथल्या खडकांवर ओतून येत होता. सापळे बंद, म्हणजे आमिषही बंद. उपाशी शेवंडे खाडी सोडून जातील आणि मोजणीला एकही उरणार नाही, ही त्याची धास्ती. भरल्या पोटी ती सापळ्याकडे फिरकणारच नाहीत, हे त्याच्या डोक्यातच आले नव्हते. बंद खाडीत आमिष टाकणाऱ्याचा परवाना जातो, हे मात्र त्याला पाठ होते.

किनाऱ्यावर चाळीस होड्या उपड्या पडल्या होत्या.

विसावा सापळा वर आला. बाईंनी पेन कागदावर टेकवले.

"थांबा, बाई. मी त्यांना खायला घालत होतो. रोज."

मेहुण्याने कपाळावर हात मारून घेतला. "धन्य आहे, दाजी. ताईला तुमचं तुम्हीच सांगा."

किती, कुठे, कधीपासून, हे बाईंनी नीट विचारून घेतले. मग म्हणाल्या, "हे लिहिलं की तुमचा परवाना जाणार. कळतंय ना?"

"आणि खाडीचं?"

"ही मोजणी रद्द. आजपासून इथं काहीही टाकायचं नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा सापळे लावू."

"लिहा."

त्या लिहू लागल्या. तांडेल होडीच्या कडेवरून वाकून गढूळ पाण्यात पाहत राहिला.

"पंधरा दिवस फार होतात हो, बाई," तो हळूच म्हणाला. "एकदम उपाशीच ठेवायचं त्यांना?"