परिशिष्ट सात

"माहा फोटो काढला आज," रामजी ताटावर बसता बसता म्हणाले. "वरची गुंडी लावाले सांगितली. हसू नका म्हणे."

धम्मरत्नचा हात भाकरीवर थांबला. "कोणी काढला?"

"छगनभाईनं. चार नंबर जेटवरल्या समद्याइचा काढला. एकोणतीस वर्षांत पयल्यांदाच. सत्कार असन."

मागच्या सत्कारात मिलने सगळ्यांना स्टीलचे डबे दिले होते. झाकणं अजून यायची होती.

पांडेसऱ्याच्या ज्या रंगाई मिलमध्ये बाप जेट चालवत होता, तिथेच धम्मरत्न जनसंपर्क अधिकारी होता. छगनभाई मिलचे व्यवस्थापक. ते मालकाच्या, म्हणजे शेठच्या, सांगण्याशिवाय शिंकतही नसत, हे त्याला ठाऊक होतं. आणि शेठच्या टेबलावर गेले तीन आठवडे त्याचा आराखडा पडून होता.

जेट म्हणजे कापड उकळत्या रंगात, दाबाखाली फिरवणारं बंद लोखंडी भांडं. चार नंबरच्या जेटचा जादा दाब बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह अडकत होता. रामजी दोन वर्षं सांगत होते. फोरमनचा उपाय ठरलेला होता : लाथ मारा, सुटेल. रामजी लाथ मारत. आजवर सुटत होता.

धम्मरत्ननेही शेठना एकदा सांगून पाहिलं होतं. "तू प्रेसनोट लिही," शेठ म्हणाले होते.

तेव्हा त्याने ठरवलं, की जनसंपर्क व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संस्थेची मान्यता मिळवायची. नावापुढे ती चार अक्षरं लागली, की माणसाचं ऐकतात, असं संस्थेच्या माहितीपत्रकातच छापलं होतं. लेखी परीक्षा झाली, तोंडी झाली. उरला होता तो स्वतःच्या कंपनीवर आपत्ती आली तर काय करायचं, काय सांगायचं याचा आराखडा, आणि तो स्वीकारल्याचं मालकाचं पत्र.

आराखड्यात त्याने पहिलीच शिफारस लिहिली : चार नंबर जेट आठ दिवस बंद ठेवून व्हॉल्व्ह बदलावा. त्या एका ओळीसाठी त्याने चाळीस पानं लिहिली. पुढची पन्नास पानं परिशिष्टांची, ती संस्थेच्या नमुन्यातून जशीच्या तशी उचलली. ती त्याने वाचलीही नाहीत. कोणीच वाचत नाही. पण जाड आराखड्याला गुण बरे पडतात.

शुक्रवारी तो कामावरून नवागामला घरी परतला, तर ओट्यावर बशीसकट दोन कप.

"छगनभाई येऊन गेले," त्याची आई अंजनाबाई म्हणाल्या. "लई भला माणूस. खाली सतरंजीवरच बसला."

"कशाला आले होते?"

"असंच. गाव कोणतं, लेकरं किती, पगार कोणाच्या खात्यावर जाते, मले सही येते का. विहारातल्या भंतेजींचा नंबर घेतला. तुह्या बापाले गावात काय म्हणत, ते बी इचारलं."

"मग?"

"मंग काय, पैलवान म्हणत, सांगितलं. सारं वहीत लिहून घेतलं त्यानं." अंजनाबाईंनी आवाज खाली आणला. "सुनेचं पाहून राह्यले का रे तुह्यासाठी?"

व्हॉल्व्हबद्दल लिहिलं धम्मरत्नने, आणि माग काढत होते बापाचा. एकोणतीस वर्षं राबलेल्या माणसाला काढून टाकायला आधी कागद जमवावे लागतात, ते जमवणं चाललं होतं.

"बाबा, महिनाभर गावी जाऊन या," तो रात्री म्हणाला.

"सत्काराच्या तोंडावर?" रामजी म्हणाले. "तुले बी काही समजत नाही."

सोमवारी दुपारी शेठचं बोलावणं आलं.

"बेसो, धम्मरत्नभाई," शेठ म्हणाले. आजवर ते नुसतं आडनावाने, 'ए तायडे' म्हणत. चाळीस वर्षं मराठी माणसांवर ओरडून त्यांना मराठी चांगलं यायला लागलं होतं.

टेबलावर आराखडा होता. पानापानाला रंगीत चिठ्ठ्या. त्याच्यावर पत्र, सही-शिक्क्यासकट.

"अख्खा वाचला. नव्वद पानं. शेवटची तर दोनदा वाचली. एवढं मी माझ्या बापाचंसुद्धा ऐकलं नाही."

धम्मरत्नने पत्र उचललं. मालकाने आराखडा स्वीकारला होता. मान्यता खिशात होती.

"सगळं मंजूर," शेठ म्हणाले. "छगनने बरंचसं करूनही टाकलं. एकच गोष्ट काढली. महाग पडत होती."

माहितीपट, धम्मरत्नच्या मनात आलं. पंधरा लाखांचा माहितीपट त्याने मुद्दामच घातला होता, शेठना काहीतरी कापायला मिळावं म्हणून. त्याचे खांदे सैल झाले. म्हणजे छगनभाईंवर उगीच संशय घेतला. माहितीपत्रकात खोटं छापलं नव्हतं, अक्षरं लागायच्या आधीच माणसं ऐकायला लागली होती.

खाली दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला. खिडकीतून त्याला बाप दिसला. डबा हलवत, आरामात, रामजी जेट विभागाच्या दारातून आत गेले.

"हे घ्या," शेठनी एक फाइल पुढे सरकवली. "तुमचं परिशिष्ट सात. मराठी तेवढं तपासा. छगनचं कच्चं आहे."

त्याने फाइल उघडली. पहिल्याच पानावर रामजी होते. वरची गुंडी लावलेले, न हसणारे. खाली टाइप केलेलं होतं : 'गावात पैलवान म्हणून लाडके असलेले आमचे ज्येष्ठ सहकारी रामजी तायडे यांच्या आकस्मिक निधनाने मिल परिवार पोरका झाला आहे.' त्याखाली अंजनाबाईंचं नाव, बँकेचा खातेक्रमांक, भंतेजींचा नंबर.

"तारीख तेवढी मोकळी सोडलीय," शेठ म्हणाले. "व्हॉल्व्ह बदलला असता, तर एवढी मेहनत वाया गेली असती."