खारीचा आवाज

१९९८ साल. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत तिघं बसली होती. आवाजवाली, तिच्या वकीलताई आणि कंपनीचा तरुण वकील. काचेपलीकडे यंत्रांपाशी रेकॉर्डिस्ट.

मुलांच्या कार्टून मालिकेतल्या खारीला आवाज द्यायचा होता. आवाजवालीचं हे पहिलंच मोठं काम. आजवर तिनं गर्दीतल्या बायका केल्या, रडणारी बाळं केली, एकदा तर शिंकणारा घोडाही केला. आता फक्त करारावर सही राहिली होती आणि वकीलताई एका ओळीवर अडून बसल्या होत्या. हा आवाज कंपनीला कायमचा, आजच्या आणि पुढे निघणाऱ्या कुठल्याही साधनावर, हवा तसा वापरता येईल, असं ती ओळ म्हणत होती.

कंपनीचा वकील म्हणाला, ही ओळ सगळ्याच करारांत असते. पुढे निघून काय निघणार, फार तर सीडीसारखी आणखी एखादी चकती. शिवाय दुसरी मुलगी तयार आहे, दुपारपर्यंत काय ते सांगा.

आवाजवालीनं वकीलताईंची बाही ओढली. "ताई, जाऊ द्या ना. हातातोंडाशी आलंय."

वकीलताईंनी तिच्याकडे पाहिलंच नाही. ती ओळ माइकवर जरा वाचून दाखवता का, असं त्यांनी वकिलाला गोडीत विचारलं. तुमचा आवाज भारदस्त आहे, म्हणाल्या. तो खुलला. टाय सारखा करून माइकसमोर बसला आणि बातम्या दिल्यासारखी त्यानं ती ओळ वाचली.

रेकॉर्डिस्टनं काचेआडून अंगठा दाखवला.

"आता हा आवाज माझा," वकीलताई म्हणाल्या. "शब्द सुटे करून मी तुमच्या तोंडी काहीही घालीन. तुमच्या साहेबांना शिव्या देईन, बायकोला फोन करीन. कायमचं."

तो हसला. वकीलताई हसल्या नाहीत. मग त्याचंही हसू उतरलं.

"मॅडम, तेवढी टेप पुसायला सांगा."

"म्हणजे तुम्हाला विचारल्याशिवाय वापरायची नाही, असंच ना? तेवढंच हिच्यासाठी लिहा."

तो फोन करायला बाहेर गेला. बराच वेळ आला नाही. शेवटी तो आला, त्यानं ती ओळ खोडली आणि समासात लिहिलं, प्रत्येक नव्या वापरासाठी हिची परवानगी.

मालिका पुष्कळ चालली. रेकॉर्डिस्टनं पुढे स्वतःचा स्टुडिओ काढला. कंपनीचा वकील मोठ्या हुद्द्यावर गेला. कलाकारांच्या करारातली ती ओळ तो स्वतःच खोडायचा आणि कुणी कारण विचारलं तर नुसता घसा खाकरायचा. यंत्रं माणसांच्या आवाजात बोलू लागलेली वकीलताईंनी जाण्याआधी ऐकली. मी म्हटलं नव्हतं का, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

मागच्या वर्षी आवाजवालीकडे दोन माणसं आली. खार पुन्हा पडद्यावर येणार होती. जुन्या टेपांवरून यंत्र तिचा तरुणपणीचा आवाज काढणार होतं, तिनं फक्त हो म्हणायचं होतं. तिचा आवाज आता पार बसलाय. तिनं दोघांना चहा दिला, सगळं नीट ऐकून घेतलं आणि त्याच घोगऱ्या आवाजात म्हणाली,

"खार म्हातारी करा. मीच येते."