ठरलेली जागा

नवरा आर्लन उन्हाळ्यात वारला, तरी व्हर्ना यंदाही मिनेसोटाच्या बर्फातून निघून, एकटीच चाकांवरचं घर चालवत दक्षिणेच्या उबदार वाळवंटातल्या युमा गावी, हिवाळ्यात अशी घरं लावून राहायच्या तळावर पोहोचली. तिच्या ठरलेल्या जागेत शेजारचा ड्वेन घडीची खुर्ची टाकून बसला होता. "तू येणार नाहीस असं वाटलं. इथे माझा मेव्हणा राहील." "जागा माझ्या नावावर आहे. ऊठ." "आधी गाडी मागे घेता येते का बघ, म्हातारे!" आजूबाजूला बिअर पीत बसलेले सगळे शेजारी फिदीफिदी हसले. व्हर्ना भोंगा वाजवत गाडी सावकाश मागे घेऊ लागली. ड्वेन हलेना, ती थांबेना. शेवटी तो शिव्या देत बाजूला पळाला आणि खुर्चीचा चाकाखाली चुराडा झाला. "आर्लन असता तर असं वागला नसता!" तो ओरडला. "ठाऊक आहे," ती गाडीतून उतरत म्हणाली, "म्हणूनच तर तू दरवर्षी आमचं अर्धं अंगण बळकावायचास."